रोह्याचा गणपती

"या ताय, आत या. चपला असूद्या पायात, खाली समदा चिखल हाय," नाथा म्हणाला आणि ब्रश पाण्यात बुडवून समोरच्या बाईकडे बघून हसला.

पद्मा कोपऱ्यात रंगाच्या वाट्या धूत बसली होती. तिने मान वर केली मात्र, हातातली वाटी हातातच राहिली. मूर्तींच्या कारखान्याच्या दारात तिच्या नवऱ्याची सख्खी धाकटी बहीण उभी होती. ठमा. रोह्याची ठमा. किती वर्षांनी! अंगाने निम्मी झालेली, गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळलेला, नाकातली मुरणी काढून टाकलेली, पण ठमाच. पद्माच्या आत एकदम काहीतरी उजळलं. ओळखीचं माणूस अवचित दिसलं की उजळतं तसं. त्याचा राग-लोभाशी संबंध नसतो, राग मागाहून येतो. तिच्या तोंडावर हसू फुटायला लागलं होतं आणि ते ठमाने बघितलं.

मग राग आला. मागाहून आला, पण भरभरून आला.

एरवी अशा वेळी पद्माने काय करायचं ते लग्नापासून ठरून गेलेलं. दारात माणूस दिसला की तिने मोठ्याने बोलायचं. "अगोबाई, जनूभाऊ, आज सकाळीच?" किंवा "आवं, हमरापूरची मावशी आली बघा." मग नाथाचा चेहरा खुलायचा, "ये गो मावशे" म्हणत तो उठायचा, आणि मावशीला वाटायचं, पोराची माया अजून तशीच हाय. पद्मा जवळ नसली की तोच नाथा त्याच मावशीला विचारायचा, "मूर्ती किती फुटाची दाखवू?" मग मावशी गौरी-गणपती होईपर्यंत फुगून बसायची.

नाथाला तोंडं ओळखू येत नसत. आंधळा नव्हता हो. उलट अख्ख्या जोहे गावात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी त्याच्यासारखी कुणाला जमत नसे. मुंबईहून आलेली माणसं मूर्तीपुढे उभी राहून म्हणत, हा बघतोय बरं का आपल्याकडे. पण माणसाचं तोंड काही त्याच्या ध्यानात राहत नसे. कुणाला चालीवरून ओळखी, कुणाला आवाजावरून, पद्माला बांगड्यांवरून. गावात म्हणत, नाथा माजलाय, समोरून गेलं तरी ओळख देत नाय. नाथालाही वाटे की आपण माणसांच्या बाबतीत जरा निष्काळजीच. लहानपणी यावरून मास्तरांचा मारही खाल्लेला.

पद्माला हे कळलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, आणि काय झोकात कळलं! लग्नसराई, पेणचा रामवाडीचा एसटी स्टँड, हिरव्या साड्यांतल्या नव्या नवऱ्या जिकडेतिकडे. पद्मा नळावर पाणी प्यायला गेली ती परत येते तर तिचा नवरा भलत्याच नवरीची पिशवी उचलून तिला म्हणतोय, "चल गो, गाडी लागली." त्या पोरीचा नवरा अंगावर धावून आला. पद्मा हसून हसून खालीच बसली, आणि घरी आल्यावर थोडी रडलीही. मग तिने हात भरून काचेच्या बांगड्या चढवल्या, खळाखळा वाजणाऱ्या, आणि पुढे कधी त्या कमी केल्या नाहीत.

तर ठमा दारात उभी होती आणि तोंडातून शब्द काढत नव्हती. काढणार नव्हतीच. शेवटचं भांडण सासूच्या आजारपणातलं. पद्माने पावसाळ्यामागून पावसाळे सासूचं हागमूत काढलं, आणि ठमा रोह्याहून चार दिवसांसाठी येऊन भरल्या घरात, पाहुण्यांसमोर म्हणाली, "वहिनी माझ्या आयला वेळेवर भात घालत नाय." पद्माचा तोल सुटला. "जिला आय येवढी प्यारी तिने न्यावी आपल्या घरी. माहेरात येऊन हुकूम सोडायचे नाय." ठमाने तिथल्या तिथे पिशवी उचलली. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आता दादा सोताच्या तोंडाने हाक मारील, तवाच ह्या घरात बोलेन."

नाथाने फोन केले. "फोनवर नको, समोर येऊन हाक मार," असा उलट निरोप आला. आणि रोह्याला एकट्याने जायची नाथाची छाती नव्हती. दार उघडणारी बाई ठमा की ठमाची जाऊ, हे त्याला कोण सांगणार? "पद्मे, जाऊन येऊया का गो?" तो दर दिवाळीला विचारी. पद्माला दर दिवाळीला काहीतरी काम निघे.

ठमाच्या सासरचा गणपती तिच्या लग्नापासून ह्याच कारखान्यातून जायचा. घरची रीत अशी की बहिणीची मूर्ती सगळी रंगवून तयार ठेवायची, डोळे तेवढे कोरे. ती न्यायला आली की तिला समोर बसवून भावाने आखणी करायची. भांडणानंतरही नाथा दर साली एक मूर्ती बाजूला काढायचा. फळीवर, रुमालाखाली. चतुर्थी उलटली की ती तशीच, बिनडोळ्यांची, माळ्यावर जायची. घरात तिला नावच पडलं होतं, रोह्याचा गणपती.

ठमाने आता त्याच फळीकडे बोट केलं.

"ती विकायची नाय, ताय," नाथा म्हणाला. अगदी मऊपणे म्हणाला. "दुसऱ्या बघा ना, ह्या बाजूला कितीतरी हायेत."

ठमाचं बोट खाली आलं नाही. ती भावाकडे बघत राहिली. आधी तिच्या चेहऱ्यावर थट्टेचं हसू होतं, किती ताणतोस रे, मार की आता हाक, असं. मग ते हसू हळूहळू विरलं आणि ती पद्माकडे वळली.

पद्माला माणसाचं तोंड पाटीवर लिहिल्यासारखं वाचता येई. एक शब्द पुरे होता. "आवं, ठमाताय." ओठांपर्यंत आलाही. पण तिला पाहुण्यांनी भरलेलं घर आठवलं, ते भाताचं बोलणं आठवलं. राहूदे उभी जरा, ती मनात म्हणाली. कळूदे तिला कसं वाटतं ते. तिने मान खाली घातली आणि धुतलेलीच वाटी पुन्हा धुवायला घेतली.

मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं.

"गेली वाटतं बाई," नाथा म्हणाला. "कोण व्हती गो?"

"असंल कोणतरी," पद्मा म्हणाली. "गिऱ्हाईक."

मग काय झालं तिचं तिला कळलं नाही, वाटी टाकून ती ओल्या हातांनी रस्त्यापर्यंत पळत गेली. पेणची एसटी भाताच्या खाचरांमधून वळणापर्यंत पोचली होती. पद्मा तिथेच थोडा वेळ उभी राहिली आणि परत येऊन तिने चहा टाकला.

*

भूमिका, त्यांची लेक, पेणच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. एका रविवारी दुपारी ती मोबाइल घेऊन बापाच्या पुढ्यात बसली. "बाबा, एक खेळ. फोटो दाखवते, कोण ते सांगायचं."

फोटोंतले केस, कान, कपडे सगळं तिने कापून टाकलं होतं. नुसते चेहरे. नाथा हसत हसत खेळायला लागला. "हा... पोलीस पाटील?" तो त्याचा चुलतभाऊ रघू होता. "ही कोण म्हातारी?" ती हमरापूरची मावशी. एका फोटोवर तो बराच वेळ थांबला. "ही पोरगी बरी हाय. कुणाची?"

"तुमची," भूमिका म्हणाली.

हसणं तिथे संपलं. भूमिकाने पुढचा फोटो काढला. "आणि ही?"

"नाय म्हायत."

"ठमाआत्या, बाबा."

चुलीपुढे पद्मा तांदळाची भाकरी थापत होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

"सरांनी शिकवलं आम्हाला," भूमिका सांगू लागली. तिने बापाच्या कानामागे बोट टेकवलं. "मेंदूत इथं, मागं, खालच्या अंगाला, एक जागा असते. चेहरे ओळखायचं काम मुख्य तिचं. आपल्याला वाटतं आपण डोळ्यांनी ओळखतो, पण डोळे नुसते दाखवतात. नाक, भुवया, ओठ सगळं एका झटक्यात जुळवून 'ही आई' असं सांगते ती ही जागा. आणि ओळखीचं, आपलं माणूस दिसलं ना, की मेंदूला आतून बक्षीस मिळाल्यासारखं होतं. बरं वाटतं. तान्हं पोर आईला बघून हसतं ते काय उगाच? पण काही माणसांची ती जागा जन्मापासून नीट चालत नाय. दिसतं सगळं, जुळत नाय."

नाथाने स्वतःच कानामागे बोट लावून बघितलं. "म्हणूनच मना समदी माणसं एका साच्यातून काढल्यावाणी दिसतात," तो म्हणाला. "मना वाटायचं, माझंच ध्यान नसतं माणसांकडं." मग एकदम लहान मुलासारखं त्याने विचारलं, "म्हणजे मी माजोरी नाय?"

"नाय हो बाबा."

"मास्तरांनी मना फुकट मारला मग!" तो मोठ्याने हसला आणि डोळे पुसत राहिला. मग काहीतरी आठवून त्याचा चेहरा उतरला. "अशी किती माणसं माझ्या समोरून गेली असतील गो? त्यांनी हसून बघितलं असंल, आणि मी..." मग मान हलवून म्हणाला, "नाय, नाय. ही हाय ना. हिच्यामुळं निभावलं माझं. हिने सांगितलं नाय असा एकपण माणूस माझ्या दारातून गेला नाय."

तव्यावरची भाकरी करपली. पद्माच्या हाताने आजवर भाकरी करपली नव्हती. "लक्ष कुठं हाय गो?" नाथा हसला, आणि ती करपलेली भाकरी त्याने आपल्याच ताटात घेतली. पद्माला वाटलं, ह्यापेक्षा ह्या माणसाने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

जेवणं झाल्यावर भूमिका आईजवळ आली. "आई, आत्याला हे कळायला हवं. तिला वाटत असेल बाबांना तिची पडलेली नाय. मी तिच्या प्रविणदादाला फोन करू?"

"करू गो. मीच करीन. ह्या मूर्ती जाऊदेत आदी, मग निवांत."

मूर्ती जात होत्या, टेम्पो भरत होते, आणि पद्मा रोज सकाळी उठून ठरवत होती, आज सांगायचं. तोंडाशी वाक्य तयार असे. आवं, ती परवा आलेली बाई ना, ती ठमाताय व्हती. एवढंच तर. पण त्याच्या पुढे एक प्रश्न येणार, मग तवाच का नाय बोललीस? आणि त्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते भाताएवढं होतं. भाताच्या एका वाक्यासाठी तिने भावाच्या दारातून बहीण परत धाडली होती. तिला वाटे, ठमानेच फोन करावा, कडाकडा भांडावं, काय वहिनी, बघून न बघितल्यासारखं केलंस ना, असं म्हणावं. मग आपणही दोन शब्द बोलू आणि मोकळं होऊ. पण ठमाचा फोन आला नाही.

*

फोन आला तो प्रविणचा, ठमाच्या मुलाचा. पद्मा ओटीवर मूर्तींच्या खोक्यांत पेंढा भरत होती.

"मामी, प्रविण बोलतोय, रोह्यावरून. आईचं ऑपरेशन झालं मुंबईला. घशात गाठ होती. मशेरी सुटत नव्हती ना तिची. डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढली, मामी. आता गळ्याला भोक ठेवलंय, त्यातून श्वास घेते. परवा घरी आणली. बोलणार नाय आता ती."

पद्माच्या हातातला पेंढा खाली पडला.

"ऑपरेशनच्या आदी ती तुमच्याकडं आलती ना? आम्ही नको म्हणत होतो, पण हट्टाने एकटीच गेली. म्हणाली, आवाज हाय तोवर दादाशी बोलून येते. तो हाक मारील, मग मी पोटभर बोलेन. परत आल्यापासून गप्पच होती. आम्हाला वाटलं, भेट झाली, मन भरून आलं असंल. भेट झाली ना, मामी?"

"हॅलो?" पद्मा म्हणाली. "हॅलो? आवाज येत नाय रे तुझा. आवाजच येत नाय." तिने फोन बंद केला, आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. ती तिथेच पेंढ्यात बसली. रडूसुद्धा येईना. रडायचा तरी हक्क आहे का आपल्याला, असं तिला वाटत होतं.

नाथाला तिने अर्धंच सांगितलं. गाठ सांगितली, ऑपरेशन सांगितलं, आवाज गेल्याचं सांगितलं. नाथा मातीच्या ढिगाजवळ उकिडवा बसला.

"मग मी तिला ओळखणार कसा गो?" तो म्हणाला. "तेवढं एकच तर व्हतं माझ्याकडं तिचं."

पद्मा त्याच्याशेजारी टेकली.

"लहानपणी पाल्याच्या जत्रेला ती माझी करंगळी धरून चालायची. लोकांना वाटायचं, दादाने बहिणीला धरलीय. धरलेलं तिने असायचं. गर्दीत ध्यान सुटून मी भलत्याच पोरीमागं जाऊ नये म्हणून." तो उठला आणि फळीवरून रोह्याचा गणपती खाली घेऊन त्यावरची धूळ फुंकायला लागला. "उद्या जायाचं. तू येणार नसशील तर मी एकटा जाईन. दारोदार विचारीन."

"मी येते," पद्मा म्हणाली.

*

पेणहून रोह्याच्या एसटीत नाथाच्या मांडीवर मूर्ती होती, तोंडावर रुमाल झाकलेली. देव आहे म्हटल्यावर कुणीतरी उठून जागा दिली. शेजारी पद्मा. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा तिने ठरवलं, आता बोलायचं. "आवं," ती म्हणाली. नाथाने वळून बघितलं. "पाणी पाहिजे?" तिने विचारलं. त्याने मान हलवली. गाडी सुटली.

"त्या समद्या जावा बसल्या असतील घरात," नाथा म्हणाला. "तू लगेच सांग हां. आत पाय टाकल्या टाकल्या. मना तिच्यासमोर चुकायचं नाय. गळ्याकडं बघून कळंल म्हणा, पण तू सांग."

ठमाच्या घराचं दार उघडंच होतं. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर आधी काही दिसेना. मग तीन बाया दिसल्या. एक खाटेच्या कडेला, दोन खाली सतरंजीवर. तिघींच्या अंगात मॅक्सी, तिघींच्या गळ्याभोवती ओढण्या. नाथाने एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. त्याच्या हातावर मूर्ती होती आणि चेहऱ्यावर ते सगळ्यांसाठीचं हसू होतं, गिऱ्हाइकाला दाखवायचं. त्याने मान किंचित पद्माकडे कलती केली. सांग, म्हणून.

पद्माने तोंड उघडलं. खाटेवर ठमा होती. ठमा त्या दोघांकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर पद्माला बोलता आलं असतं. राग नव्हता. आलात का, एवढंच होतं. तिने उघडलेलं तोंड मिटलं.

नाथाचं हसू ओशाळं व्हायला लागलं. तेवढ्यात ठमा खाटेवरून उठली, सावकाश चालत आली, आणि मूर्तीखाली धरलेल्या त्याच्या हाताची करंगळी तिने मुठीत धरली.

"ठमे!" नाथा ओरडला. केवढ्याने ओरडला! शेजारच्या घरातली माणसं दारात आली. "ठमे! ठमे गो!" इतक्या सालांची राहिलेली हाक त्याने तिथे उभ्या उभ्या मारून घेतली. जावेने पुढे होऊन मूर्ती हातातून घेतली म्हणून बरं.

मग रीतीप्रमाणे ठमाला समोर बसवून त्याने पिशवीतून ब्रश काढले आणि आखणीला बसला. हात चालू आणि तोंडही चालू. भूमिकाने फोटोंचा खेळ कसा लावला, मेंदूत ती जागा कशी असते, आपली कशी बिघडलेली, मास्तरांचा मार कसा फुकट गेला, सगळं सांगून झालं. "मी माजोरी नाय गो ठमे. तुझी शप्पत. मना तोंडच ओळखू येत नाय कुणाचं. माझ्या पोरीचं ओळखलं नाय मी, तिथं तुझी काय कथा?"

ठमा ऐकत होती. पद्मा दाराशी बसून ठमाचा चेहरा वाचत होती. तिथे एकेक गोष्ट उमटत होती. आधी नवल. मग 'ती विकायची नाय, ताय' ह्या बोलण्याची नव्याने आठवण. मग दादाला खरंच कळलं नव्हतं, ह्याचा केवढा तरी आनंद. आणि त्याच्या मागोमाग, पण वहिनीला कळलं होतं. कोपऱ्यातली वहिनी हसली होती आणि मग तिने मान खाली घातली होती.

एक डोळा झाला. नाथाने ब्रश पुसला.

"एकदा तरी यायचंस गो, आवाज व्हता तवा," तो म्हणाला. "नाक मुठीत धरून हाक मारली असती. मना कळलं नसतं, तरी ही व्हती ना. हिने लगेच सांगितलं असतं."

ठमाने पद्माकडे बघितलं. सांगायचं असतं तर तिला सांगता आलं असतं. हात होते, खुणा होत्या, जवळ पाटी-पेन्सिल ठेवलेली होती. पद्मा वाट बघत होती. आणि ठमाने मान खाली घातली. पद्माने त्या दिवशी घातली होती तशीच. फरक एवढाच की ती पद्माला वाचवायला घातली होती.

ते पद्माला सोसलं नाही.

"आली व्हती," ती म्हणाली. "ठमाताय आली व्हती, आवं. कारखान्यात. त्या रोह्याच्या गणपतीकडं बोट केलं ती बाई. ती हीच. मी बघितलं व्हतं. मी ओळखलं व्हतं, आणि मी सांगितलं नाय. तुमी विचारलंत कोण व्हती, तवापण मी खोटं बोलले. राग व्हता माझ्या मनात. भाताचा."

जावेने पदर तोंडाला लावला. नाथाचा ब्रश हवेत होता. त्याने पद्माकडे बघितलं. रामवाडीच्या स्टँडवर दुसऱ्याची नवरी आहे असं कळल्यावर त्या पोरीकडे बघितलं होतं, तसं बघितलं. मग तो ठमाकडे वळला.

"मी तुला म्हणालो, विकायची नाय?"

ठमाने होकाराची मान हलवली.

"तुझीच व्हती गो ती."

ठमाने पुन्हा मान हलवली. तिचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. नाथाने दुसरा डोळा आखायला घेतला. पद्माला वाटलं, आता हात कापणार, रेघ बिघडणार, आणि तेही आपल्याच माथी. हात कापला नाही. दोन्ही डोळे सारखे आले आणि गणपती समोर बसलेल्या ठमाकडे बघू लागला.

चहा झाला. ठमाने एक कप स्वतः उचलून पद्माच्या हातात दिला. पद्मा तिच्या पाया पडायला वाकली तर तिने खांद्याला धरून उठवलं. तिला माफ केलं की नाही, ते काही पद्माला त्या चेहऱ्यावर वाचता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच वाचता आलं नाही.

परतीच्या गाडीत नाथा खिडकीबाहेर बघत होता. रामवाडीला उतरल्यावर एरवी तो खांबाला टेकून उभा राहायचा, मागून बांगड्या वाजत येईपर्यंत. आज तो सरळ पुढे गेला आणि पहिल्या भेटलेल्या माणसाला त्याने विचारलं, "भाऊ, जोह्याची गाडी कुठं लागते?" त्याला पक्कं माहीत होतं कुठे लागते ते.

*

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मूर्ती न्यायला गर्दी होती. सकाळीच जनूभाऊ दारात आले. पद्मा सवयीने म्हणाली, "अगोबाई, जनूभा..."

नाथाने हात वर केला. ती थांबली. तो उठून दाराशी गेला आणि त्या माणसाला म्हणाला, "मना माणसांची तोंडं ओळखू येत नाय. जन्मापासून. राग मानू नका. तुमी कोण ते सांगा."

जनूभाऊ चाटच पडले. "अरे नाथा, मी जनू. थट्टा करतोस काय?"

"थट्टा नाय. ये, बस."

दिवसभर तेच चाललं. प्रत्येकाला विचारत होता, प्रत्येकाला सांगत होता, मान ताठ ठेवून. हमरापूरची मावशी आधी फुरंगटली, मग त्याच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "आदी सांगायचंस ना रे पोरा." दुपारपर्यंत गावभर बातमी गेली आणि माणसं दारातूनच आपलं नाव सांगत आत यायला लागली. "नाथा, रघू आलोय रे." कुणी हसतसुद्धा नव्हतं. पद्मा कोपऱ्यात वाट्या धूत होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं.

उन्हं कलल्यावर ती चहा घेऊन आली. नाथाची पाठ दाराकडे होती. समोर मोठी मूर्ती, ब्रशाच्या टोकावर काळा रंग. तिच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या वाजल्या, रोज वाजत तशाच, कारखानाभर ऐकू जातील अशा.

"कोण?" नाथाने विचारलं.

ती जागेवर थबकली. त्याने वळून बघितलं नाही. ब्रश तसाच हवेत धरून तो थांबला होता, सकाळपासून प्रत्येकासाठी थांबत होता तसा.

"मी पद्मा," ती म्हणाली.